मेक चेक फेल झालं तर आधी काय बघायचं

कोअरयुटिल्स (एलएस, सीपी अशा मूलभूत कमांडचा जीएनयूचा संच) सोर्सवरून कंपाइल केलंस, पण मेक चेक, म्हणजे त्याच्या टेस्ट चालवणारी कमांड, फेल झाली म्हणतोस ना? अरे घाबरू नकोस, कंपाइल झालं म्हणजे अवघड भाग झालाय, आणि एकदोन टेस्ट फेल झाल्या म्हणून बिल्ड वाया गेला असं अजिबात नाही.

सगळ्यात आधी टेस्ट-सूट डॉट लॉग ही टेस्टच्या निकालांची फाइल उघड. बहुतेक नवीन लोक टर्मिनलवरची शेवटची एरर बघतात, पण ती फक्त मेकची, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या टूलची असते, खरं कारण लॉगमध्ये, त्यातही फेल लिहिलेल्या टेस्टखाली. स्किप (न चालवलेल्या टेस्ट) आणि एक्सफेल सोडून दे, एक्सफेल म्हणजे ती फेल होणार हे डेव्हलपरना आधीच माहीत आहे.

मग एवढंच कर:
- मेक चेकला टेस्ट्स (TESTS) व्हेरिएबलमध्ये फेल झालेल्या तेवढ्या एकाच टेस्टचं नाव देऊन ती परत चालव, जे ८ (-j8, एका वेळी आठ कामं चालवणारा पर्याय) वगैरे न लावता. आता पास झाली तर बहुधा मशीनवर लोड होता म्हणून टाइमआउट झालेली.
- डिस्कवर जागा आहे का बघ.
- सुडो लावून (म्हणजे रूट, अ‍ॅडमिन युजर म्हणून) बिल्ड करू नकोस, रूटला परमिशन आडव्या येत नाहीत त्यामुळे काही टेस्ट चालतच नाहीत, नुसत्या स्किप होतात.

लगेच मेक क्लीन (बिल्डच्या फाइल पुसणारी कमांड) मारू नकोस हं, लॉग जातात. कंपायलर फ्लॅग वगैरे आत्ता नको, तो लॉग टाक इथे, बघू.