गोधडी जोडून झाली, पण टाके कसे घालायचे ते ठरत नाही. तोवर दुसरी सुरू करावी का?

सुरू करा. आजच करा. कुणी "आधी हातातलं संपव" म्हणालं तर म्हणू द्या.

तुम्ही लिहिलंय की वरचा चौकटींचा थर जोडून तयार आहे, आत आईच्या जुन्या साड्या घालायच्या आहेत, पण सरळ ओळी, काठाकडून फेरे की मशीनवर तिरपा चौकडा हे ठरत नाही, आणि मन नव्या गोधडीकडे ओढ घेतंय. याच गोष्टीवरून आमच्या घरात चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहिते.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या इरकली लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्याच, करायचं ठरलं, दोन्ही सुनांनी एकेक. मी खणाच्या तुकड्यांचा वरचा थर जोडला आणि तिथंच अडले. टाक्यांचं काही केल्या सुचेना. तेवढ्यात भाचीला दिवस गेल्याचं कळलं, म्हणून मी जुन्या धोतराचं दुपटं शिवायला घेतलं. थोरल्या जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." त्यांचं म्हणणं, सांगलीत मशीनवर दे, चौकडा पाडून संध्याकाळी घरी.

पण दुपट्यावर धावदोरा घालतानाच मला वाकळीचं कळलं. धोतर मधोमध विरलं होतं. तिथं टाका लांब पडला की दोरा ओढताना कापडाची वीण फाकायची. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि ओळी बोटभर अंतरावर घेतल्या की तेच कापड घट्ट बसायचं. तशीच उठले आणि लुगडी उजेडात धरून पाहिली. कासोट्याचं नऊवारी, बसायच्या जागी इतकं विरलं होतं की पलीकडची खिडकी दिसत होती, आणि काठ मात्र नव्यासारखे करकरीत. खणांची नक्षी बघत बसले होते तेव्हा हे दिसलंच नव्हतं. टाके पोटातल्या कापडाकडे बघून ठरवायचे, वरच्या नक्षीकडे बघून नाही, हे माझं ठाम मत आहे.

नऊवारीची चौपदरी घडी 2 मीटरला थोडी जास्त भरते, म्हणजे एका माणसाची लांबी नेमकी निघते. दोन लुगडी घालताना त्यांच्या विरलेल्या जागा एकावर एक येऊ देऊ नका, एक उलटं फिरवा. हाताने शिवणार असाल तर काठाकडून आत फेरे घालत जा. जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून शिवताना थर दाबून राहतात आणि कडा आधीच बांधल्या गेल्याने निसटत नाहीत. फक्त आधी मोठे कच्चे टाके घाला, नाहीतर मधे फुगा येतो. मशीनवर मात्र उलट, मधून काठाकडे जायचं, कारण मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलतो. दोरा सुती घ्या. नायलॉनचा दोरा जुन्या कापडाला चिरत जातो.

आणि धुण्याचा विचार करा. आमच्या पलूस भागात घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेवर जातात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकं धरून पिळतात. तो सगळा भार टाक्यांवर येतो. जाऊबाईंनी त्यांच्या वाट्याची मशीनवरच दिली, तिरपा चौकडा, ओळींत वीतभर अंतर. पहिल्याच धुण्यात चौकड्यांच्या मधे लुगडं फाटून त्याचे गोळे झाले. त्या अजून म्हणतात की लुगडीच कुजकी होती. लुगडी एकाच ट्रंकेतली होती. माझी वाकळ आज आमच्या मुलाच्या अंगावर आहे आणि एक ओळ उसवलेली नाही. कुणाला घाई करायची तर करू दे, पण नेसून विरलेल्या सुती लुगड्यावर विरळ टाके घालून वर दुसरीला आळशी म्हणू नये.

मशीनला माझा विरोध नाही. नवं कापड आणि मधे विकतचं वॅडिंग, म्हणजे पोटात घालायचा तयार मऊ थर, असेल तर मशीनचं काम उत्तम होतं. तिथं ओळींत किती अंतर चालतं ते पाकिटावर छापलेलं असतं, तेवढं पाळा. पिंजलेला कापूस भरणार असाल तर अंतर कमीच ठेवा, तो सरकून एका कोपऱ्यात जमतो. आणि कुणाला बारशाला वगैरे द्यायची असेल तर मात्र दुसरी सुरू करू नका, तारीख थांबत नाही. अर्धवट थर दोनाचे चार व्हायला लागले तर तेव्हा जाऊबाईंचं ऐका.

दुसरी घेताना लहान घ्या, दुपटं किंवा बसकर, आणि पहिलीत जे कापड घालायचंय त्याच जातीचं घ्या. म्हणजे टाक्यांची परीक्षा तिच्यावरच होते. पहिलीचा थर घडी घालून ठेवू नका, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा.

आईच्या साड्या सुती आहेत की टेरिकॉटच्या ते तुम्ही लिहिलं नाही. टेरिकॉटच्या असतील तर कच्चे टाके दुप्पट घाला, ते कापड फार घसरतं.