मुलांना नुसतं सोडायला जाऊ नका, तुम्हीही धनुष्य उचला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नऊ वर्षांच्या लेकीला धनुष्यबाण शिकायचाय, चौदा वर्षांचा मुलगा 'बघू' म्हणतोय, आणि रविवारी चौघांनी मिळून जाता येईल का, की हे फक्त स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांचं काम आहे, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात आठ वर्षं हेच चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझीच चूक सांगते. पहिले सहा महिने मी मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. मांडीवर डबा आणि तोंडाचा पट्टा चालू: कोपर वर घे, हलू नकोस, समोर बघ. लेकीचा नेम दर आठवड्याला आणखी बिघडत होता. शेवटी सरांनी एक दिवस माझ्याच हातात सोळा पाउंडांचं (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं) लाकडी धनुष्य दिलं आणि म्हणाले, आता तुम्ही मारून दाखवा. सहांपैकी दोन बाण गवतात, एक शेजारच्यांच्या टार्गेटवर. माझी शिकवणी त्या दिवशी बंद झाली आणि लेकीचा नेम सुधारला.

तेव्हा चौघांनाही जमेल, पण एका अटीवर. चौघांनीही बाण मारायचे. आईबाप बाकावर बसले की तो क्लास होतो.

बॅडमिंटनमध्ये लहान मुलाशी खेळायचं तर मुद्दाम हरावं लागतं. इथे तसं नाही. मारायची रेषा सगळ्यांची एकच असते, टार्गेटं पुढेमागे लावतात. माझा भाचा दहा मीटरवर मारतो, मी अठरावर, लेक आता सत्तरवर. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, निवृत्तीनंतर सुरुवात करून बांबूचं, इंडियन राउंड या आपल्याकडच्या देशी प्रकारातलं धनुष्य चालवतात. प्रत्येकाचं धनुष्य त्याच्या ताकदीचं, आणि झगडा मागच्या रविवारच्या स्वतःच्या स्कोअरशी.

खरी गंमत मात्र बाण काढायला जाण्यात आहे. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून टार्गेटकडे चालायचं. सकाळभरात अशा पंधरा-वीस फेऱ्या होतात. घरी 'शाळेत काय झालं' विचारलं की 'काही नाही' म्हणणारी मुलगी या चालण्यात आपणहून बोलते. तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल. टार्गेटपाशी आपले गुण आपण मोठ्याने सांगायचे, दुसऱ्याने तपासून लिहायचे. बाण टार्गेटवरच्या दोन गुणांमधल्या रेषेला नुसता चिकटला तरी वरचा गुण मिळतो, आणि लिहून होईपर्यंत कुणी बाणाला हात लावायचा नाही. या रेषेवरच्या बाणांवरून आमच्याकडे रिक्षावाले काका आणि एक डॉक्टरीणबाई दर आठवड्याला हुज्जत घालतात, आणि नंतर एकाच डब्यातले पोहे खातात.

सुरक्षिततेचं म्हणाल तर नियम मोजके, पण त्यात सूट नाही. कुणी पुढे असताना दोरीला बाण लावायचा नाही. पाच किंवा जास्त शिट्ट्या सलग ऐकू आल्या की जागीच थांबायचं. बाण उपटताना मागे कुणी उभं नाही ना ते बघायचं, कारण मागचं टोक नेमकं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतं. रिकामी दोरी ताणून सोडायची नाही, धनुष्य तुटतं. सोसायटीच्या गच्चीवर सराव तर अजिबात नको. घरी फक्त रबर बँड ताणा.

खरेदीची घाई करू नका. आम्ही एका दुकानदाराचं ऐकून यजमानांसाठी अठ्ठावीस पाउंडांचं घेतलं. महिन्याभरात खांदा धरला, आणि ते धनुष्य माळ्यावर गेलं. मोठ्यांनी सोळा ते वीस, लहानांनी दहा-बारापासून सुरुवात करावी. धनुष्यावर लिहिलेलं हे ओढायचं वजन दोरी अठ्ठावीस इंच मागे ओढल्यावरचं असतं. लेकीचा हात आखूड असेल तर तिला ते त्याहून कमीच लागेल. पहिले तीन-चार महिने शिकवतात तिथलंच वापरा. मग घ्यायचं तर सुटं होणारं लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्या. ताकद वाढली की फक्त वरखालचे लिंब, म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या, बदलायचे, मधली मूठ तीच राहते.

त्याआधी डोळा तपासा. दोन्ही तळव्यांच्या मधल्या त्रिकोणातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं तो तुमचा नेमाचा डोळा. माझी लेक उजव्या हाताने लिहिते, पण डोळा डावा निघाला. डावं धनुष्य दिल्यावर फरक दिसला.

मुलगा 'बघू' म्हणतोय ना, त्याला २०२३ची बर्लिनची जागतिक स्पर्धा दाखवा. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत पंधरा बाणांत १५० पैकी १५० मारले. त्यानंतर तो कंपाउंडच मागेल, कारण त्यात चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो. पण आधी वर्षभर रिकर्व्ह, असं माझं मत. एकलव्याचा अंगठा गेल्यावर काय, असंही तो विचारेल, माझ्या भाच्याने विचारलं होतं. रिकर्व्हची दोरी आपण तीन बोटांनी ओढतो, अंगठ्याचं काम नसतं. सर हे उत्तर ऐकून इतके हसले!

जागेचं म्हणाल तर दादरला शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात धनुर्विद्या शिकवतात. तुम्हाला बोरिवलीहून लांब वाटलं तर जवळपासच्या क्रीडा संकुलांत चौकशी करा, पण 'मोठ्यांना घेता का' हे पहिल्या फोनवरच विचारा. काही ठिकाणी फक्त पदकाच्या मागे असतात, तिथे तुम्हाला उपरं वाटेल. रिकर्व्ह सुटं करून पाठीवरच्या बॅगेत जातं. नानांचा बांबू मात्र अख्खा न्यावा लागतो. लोकलमध्ये 'काका, रामलीला कुठे?' हे ऐकून त्यांचं उत्तर आता पाठ झालंय: 'तू रावण हो, मग सांगतो.'

पावसाळ्यात छताखाली अठरा मीटर मारा. पिसांचे बाण भिजले की लोळतात, प्लास्टिकच्या पात्यांचे घ्या. घरी आल्यावर स्क्रू पुसून ठेवा, आपल्या हवेत लगेच गंजतात. खंडेनवमीला आम्ही सगळी धनुष्यं मैदानातच ओळीने मांडून झेंडू वाहतो. त्या दिवशी घरचे सगळे या, ओळखी तिथेच होतात.

पहिल्या दिवशी घट्ट बाह्यांचे कपडे घाला, केस बांधा, ओढणी घरी ठेवा. दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका देईल आणि निळं पडेल. आर्मगार्ड, म्हणजे हातावरचा संरक्षक पट्टा, लावूनही पडत असेल तर धनुष्य धरलेल्या हाताचा कोपर किंचित बाहेर वळवा. हे लेकीला मात्र तुम्ही सांगू नका, सरांना सांगू द्या.