एकाच पेटीतून दोन रंगांचा मध

मधमाश्यांच्या एकाच पेटीतून आधी फिका आणि आता गडद मध निघाला, म्हणून काही बिघडलं का असं वाटत असेल, तर यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. माश्या ज्यावर जातात तो फुलोरा बदलला, एवढंच. मोहरीचा मध फिकट असतो आणि काही आठवड्यांतच तुपासारखा थिजतो, कारण त्यात ग्लुकोज जास्त. सूर्यफुलाचा पिवळाधमक, तोही लवकर रवाळ होतो. कुट्टूचा (बकव्हीटचा) मात्र जवळजवळ काळा, काकवीच्या वळणाचा. पहिला चमचा बऱ्याच जणांना झेपत नाही. मला तोच सगळ्यात आवडतो.

सुरुवातीला एवढंच करा:

- आसपास काय फुललंय ते दर आठवड्याला वहीत लिहा. माश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात, त्यामुळे नुसतं कुंपणाच्या आतलं पाहू नका.
- प्रत्येक काढणीचा मध वेगळ्या बरणीत, तारीख लिहून.
- चौकटीतली बहुतेक घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका. बंद न झालेल्या घरांतला मध पातळ असतो आणि पातळ मध आंबतो, मग फूल कोणतंही असो.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे थिजलेला मध भेसळीचा समजून थेट आचेवर ठेवणं. मीही केली होती. सुगंध उडाला, रंग तांबूस झाला. बरणी कोमट पाण्यात ठेवा, 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आणि ‘गडद म्हणजे शुद्ध’ हे डोक्यातून काढून टाका; नुसता जुना झाला तरी मधाचा रंग चढतो.

मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून फूल ओळखता येतं, पण ते दुसऱ्या हंगामात बघू.