टस्कीगीच्या मेकॅनिकांचं युद्ध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत मुलीला शाळेत टस्कीगी एअरमेनवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांवर प्रकल्प करायचाय, वैमानिकांबद्दल ढीगभर माहिती मिळतेय, पण विमानं सांभाळणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांनी युद्धात नक्की काय केलं आणि त्यांना टस्कीगी एअरमन म्हणायचं का. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, त्यामुळे उत्तर फिटरच्या बाजूने झुकणार, सांभाळून घ्या.

आधी दुसरा भाग. हो, बिनधास्त म्हणायचं. टस्कीगीच्या तळावर किंवा तिथून उभ्या राहिलेल्या तुकड्यांत ज्यांनी काम केलं ते सगळे त्यात येतात, मग ते मेकॅनिक असोत, कारकून, आचारी नाहीतर नर्स. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सुवर्णपदक दिलं तेही सगळ्यांना मिळून. वैमानिक तयार झाले हजाराच्या आसपास, बाकीची मंडळी दहा हजारांच्या वर.

आणि क्रम लावायचाच तर ही मंडळी वैमानिकांच्या आधीची. ९९वी पर्स्यूट स्क्वॉड्रन (लढाऊ विमानांची तुकडी) २२ मार्च १९४१ला उभी राहिली ती इलिनॉयमधल्या शनूट फील्डवर. तेव्हा तिच्यात एकही कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता. होते ते इंजिन, शस्त्रं, रेडिओ असली कामं शिकायला आलेले अडीचशेच्या आसपास जवान. अलाबामात टस्कीगीला पहिले पाच वैमानिक पास झाले ते ७ मार्च १९४२ला.

इथे एक गंमत आहे, कडू आहे पण आहे. कृष्णवर्णीय माणूस तांत्रिक आणि जबाबदारीच्या कामाला लायक नाही, असा निष्कर्ष लष्कराच्या वॉर कॉलेजने १९२५च्या अहवालात काढून ठेवला होता. पण गोऱ्या-काळ्यांना एका तुकडीत ठेवायचं नाही हाही लष्कराचाच नियम. मग विमान कृष्णवर्णीय वैमानिक चालवणार म्हटल्यावर पान्यापासून पॅराशूटपर्यंत सगळं कृष्णवर्णीयांच्याच हाती देणं भाग पडलं. ज्यांना नालायक ठरवलं होतं त्यांनाच लष्कराला प्रत्येक ट्रेडमध्ये तयार करावं लागलं. तोटा असा, की माणूस कमी पडला तर शेजारच्या गोऱ्या तुकडीतून उसना मिळायचा नाही.

एप्रिल १९४३ मध्ये ९९वी कॅसाब्लांकाला उतरली. पुढे ट्युनिशिया, सिसिली, इटली. विमान पी-४०. १९४४च्या सुरुवातीला ३३२ वा फायटर ग्रुप (टस्कीगीच्याच अनेक स्क्वॉड्रन मिळून झालेला) इटलीत आला आणि तिथून मेकॅनिकांची खरी परीक्षा सुरू झाली. या ग्रुपला आधी पी-३९ मिळालं. त्याचं ॲलिसन इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, शाफ्ट त्याच्या सीटखालून पुढे प्रोपेलरपर्यंत. जूनमध्ये आलं पी-४७, तेही दुसऱ्या ग्रुपने वापरून दिलेलं. त्याचं इंजिन अठरा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. ते हाताखाली बसतंय तोवर जुलैमध्ये पी-५१ मस्टँग: पॅकार्ड कंपनीने बनवलेलं मर्लिन इंजिन, द्रवाने थंड होणारं, म्हणजे पुन्हा कूलंट, रेडिएटर आणि गळती. सहा महिन्यांच्या आत तीन विमानं, आणि रोजच्या मोहिमा चालूच. आमच्याकडे नवीन विमान आलं की आधी महिनोन् महिने कोर्स व्हायचा. यांनी मॅन्युअल एका हातात धरून इंजिन उघडलं असणार.

तळ होता रामितेल्लीला, ॲड्रियाटिकच्या किनाऱ्यालगत. शेतात अंथरलेल्या भोकांच्या लोखंडी पट्ट्यांची धावपट्टी, राहायला तंबू, हिवाळ्यात चिखल, आणि बरंचसं काम उघड्यावर. एका विमानाला एक क्रू चीफ (त्या विमानाचा मुख्य मेकॅनिक), त्याचा सहायक आणि एक आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा. उजाडायच्या आधी क्रू चीफ इंजिन सुरू करून तापवायचा, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणारी जोडी) आलटूनपालटून बंद करून आरपीएम किती पडतो ते बघायचा, टाक्या काठोकाठ भरायचा. पी-५१डीच्या सहा मशीनगनना मिळून १,८८० गोळ्या लागत. त्यांचे पट्टे आर्मरर पंखात घडी घालून बसवायचा. एक घडी चुकली की वर गन अडकली. आपल्याकडे विमानाच्या देखभालीची नोंद ठेवायला जसा फॉर्म ७००, तसा त्यांचा फॉर्म १ए. त्यात क्रू चीफने लाल फुली मारली की विमान जागेवरून हलायचं नाही, वैमानिक कितीही मोठ्या हुद्द्याचा असो.

मुलीला एक फोटो नक्की दाखवा. सप्टेंबर १९४४चा, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला. क्रू चीफ स्टाफ सार्जंट विल्यम अकू आपल्या वैमानिकाचं मस्टँग साबणाच्या पाण्याने धुतोय. नंतर त्यावर मेण घासायचं, म्हणजे वेग थोडा वाढतो. दुसरा, मार्च १९४५ मध्ये टोनी फ्रिसेल यांनी रामितेल्लीलाच काढलेला: वैमानिक रॉस्को ब्राउन आणि त्यांचे क्रू चीफ मार्सेलस स्मिथ. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मिळेल.

त्याच महिन्यात, २४ मार्चला, बर्लिनची मोहीम झाली. जाऊन-येऊन १,६०० मैल. एवढ्या पल्ल्याला ११० गॅलनच्या मोठ्या बाहेरच्या टाक्या हव्या होत्या. पुरवठा सांभाळणारे ओमर ब्लेअर यांनी त्या रेल्वेगाडीवरून जवळजवळ पळवूनच आणल्या आणि मेकॅनिकांनी रातोरात बसवल्या, असं जुने लोक सांगत आलेत. प्रकल्पात ही गोष्ट आठवण म्हणूनच घाला, पुरावा म्हणून नको. त्या दिवशी ब्राउन यांच्यासह तिघांनी एकेक जर्मन जेट पाडलं. बाकी, बॉम्बरांना संरक्षण देत सोबत उडणं हे यांचं काम, त्याबद्दलचं 'यांनी एकही बॉम्बर गमावला नाही' हे वाक्य मात्र खोडा. हवाई दलाच्या इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा शत्रूच्या विमानांनी पाडलेले २७ बॉम्बर निघाले. त्याच हवाई सेनेतल्या इतर एस्कॉर्ट ग्रुपांची सरासरी ४६ होती, म्हणजे खरा आकडाही मान वर करून सांगावा असाच आहे.

युद्धानंतरचं एकच सांगतो. मे १९४९ मध्ये लास व्हेगासला हवाई दलाची नेमबाजी स्पर्धा झाली, त्यात प्रोपेलर विमानांच्या गटात ३३२वा पहिला आला. विमानं पी-४७, मेंटेनन्सचे प्रमुख बुफर्ड जॉन्सन. स्पर्धेत गन अडकली की गुण गेले, तेव्हा ट्रॉफीतला अर्धा वाटा त्यांच्या माणसांचा, असं मी तरी म्हणेन.

एखाद्या विशिष्ट सैनिकाची माहिती हवी असेल तर तयारी ठेवा: १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि त्या काळातल्या लष्करी सेवा-नोंदींपैकी साधारण ८० टक्के जळाल्या. वैयक्तिक फाइल मिळाली नाही तर त्याच्या तुकडीचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट मागा. कोण नव्याने आला, कोण बदलीवर गेला, कोण दवाखान्यात, असे बदल त्यात नावानिशी असतात. त्यासाठी तुकडीचं नेमकं नाव लागेल; स्क्वॉड्रन की सर्व्हिस ग्रुप (देखभाल-पुरवठ्याची तुकडी), ते घरच्या डिस्चार्जच्या कागदावर सापडेल.