ताबा मिळाला, पण घर लागेना

‘‘नवीन घरात येऊन साडेतीन महिने झाले, तरी एका दिवसासाठीही आनंद वाटलेला नाही. संध्याकाळी ऑफिसमधून निघायची वेळ झाली की छातीत धडधडायला लागते. लोक स्वतःच्या घरासाठी आयुष्यभर झटतात आणि मला मिळालेल्या घरात जावेसे वाटत नाही. माझ्यातच काही दोष आहे का?’’

गेल्या वर्षी समुपदेशनासाठी आलेल्या ३६ वर्षांच्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न आहे. शब्द वेगळे असले, तरी अर्धवट अवस्थेतल्या घरात राहायला गेलेल्या अनेकांच्या बोलण्यात तो कुठे ना कुठे येतोच. म्हणून त्यांची हकिगत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

पुण्याच्या पूर्वेकडील एका उपनगरात, सातव्या मजल्यावर, या कुटुंबाने टू बीएचके सदनिका घेतली होती. करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख उलटून १४ महिने झाले होते. कर्जाचा दरमहा ४१,६०० रुपयांचा हप्ता सुरू झालेला होता आणि त्यावर भाड्याच्या घराचे १८,००० रुपये जात होते. अकरा महिन्यांचा भाडेकरार एप्रिलअखेर संपत होता, घरमालकांना जागा त्यांच्या मुलासाठी हवी होती आणि मुलीची नवी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची होती. नेमक्या त्याच वेळी बिल्डरच्या ऑफिसमधून ‘फिटआउटसाठी पझेशन’ देऊ केले गेले. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते अजून आलेले नाही, पण फर्निचरचे काम करून घ्यायचे असेल तर किल्ल्या घेऊन जा. किल्ल्या सुताराला आत सोडण्यासाठी होत्या. अडचणीमुळे त्या संसार हलवण्यासाठी वापरल्या गेल्या. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली आणि आठवड्याभरात टेम्पो सामान घेऊन दाराशी उभा राहिला.

इमारतीतल्या तीन लिफ्टपैकी एकच चालू होती आणि तीही दिवसभर फरशा आणि सिमेंटच्या गोण्या वाहण्यात अडकलेली असे. वीज तात्पुरत्या जोडणीवर होती, पाणी टँकरचे होते आणि ते सकाळी दोन तास व संध्याकाळी एक तास येई. बाथरूमच्या फरशीला उतार उलटा दिल्यामुळे पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचे, हॉलमधल्या काही टाइल्स पायाखाली पोकळ वाजायच्या आणि वरच्या सदनिकेतले ड्रिलिंग सकाळी नऊला सुरू झाले की जेवणाच्या सुट्टीपुरतेच थांबायचे. साइट इंजिनिअर प्रत्येक तक्रारीवर ‘सोमवारी माणूस पाठवतो’ एवढेच सांगत. बाई म्हणाल्या, ‘‘माणूस येत नाही याचं मला काही वाटेनासं झालंय, पण प्रत्येक सोमवारी मी वाट पाहते, त्याने थकले आहे.’’ हे वाक्य मी लिहून घेतले, कारण त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच होते. वाट पाहणारा माणूस सुट्टी काढतो, कपाट भिंतीला टेकवत नाही, पडद्यांचे माप घेत नाही, खोकी उघडत नाही. त्यांच्या घरात तेव्हा ‘काम झाल्यावर’ असे मार्करने लिहिलेली ११ खोकी होती.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना कोणताही उपाय सांगितला नाही. आपल्या प्रतिक्रियेत अनैसर्गिक काही नाही, हे त्यांना आधी पटणे आवश्यक होते. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली होती, ज्यात प्रत्येक घटनेशी जुळवून घेताना पडणाऱ्या ताणाला गुण दिलेले आहेत. त्यात लग्नाला ५० गुण आहेत. घर बदलण्याला २०, राहण्याच्या परिस्थितीतील बदलाला २५, मोठ्या गृहकर्जाला ३१ आणि जोडीदाराशी होणाऱ्या वादांचे प्रमाण बदलण्याला ३५. ही पट्टी ढोबळ आहे, ती वेगळ्या समाजात तयार झाली आहे आणि निदानासाठी मी ती कधीही वापरत नाही. पण त्या बाईंनी कागदावर स्वतः बेरीज करून १११ हा आकडा लिहिला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे हे सगळं मोजण्यासारखं आहे, मॅडम. मी उगाच रडत नाहीये.’’ त्याआधीचे तीन महिने नातेवाईक त्यांना ‘तुम्ही किती भाग्यवान, या वयात स्वतःचं घर झालं’ असे सांगत होते. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु त्रासात असलेल्या माणसाला त्याच्या भाग्याची आठवण करून दिली की त्रास कमी होत नाही, फक्त तो बोलून दाखवण्याची सोय नाहीशी होते. घर झाल्याचे समाधान आणि घर राहण्याजोगे नसल्याचा संताप या दोन्ही भावना एकाच मनात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यांतली एक खरी ठरवण्यासाठी दुसरी खोटी ठरवावी लागत नाही.

तिसऱ्या भेटीला त्यांचे पती आले आणि खरा गुंता त्या दिवशी दिसला. हा प्रकल्प त्यांनी निवडला होता. बाईंच्या मनात रेल्वे स्टेशनजवळची एक जुनी, लहान, पण तयार सदनिका होती. शिवाय सुरुवातीची रक्कम भरण्यासाठी सासूबाईंनी सातारा जिल्ह्यातली अर्धा एकर जमीन विकली होती. त्यामुळे नळ गळला की तो नुसता नळ राहत नसे. बाई ‘पुन्हा पाणी साचलं’ एवढेच म्हणत आणि पतींना ‘तुमची निवड चुकली’ असे ऐकू येई. ते उत्तरादाखल ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणत आणि बाईंना ‘तुझा त्रास खोटा आहे’ असे ऐकू येई. अर्धवट घरात राहणाऱ्या जोडप्यांमध्ये हे मी वारंवार पाहिले आहे. ज्याच्यावर चिडायचे तो बिल्डर समोर नसतो, फोन उचलत नाही, मग तो राग समोर असलेल्या माणसावर निघतो. पती त्या दिवशी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की आईची जमीन गेली हे आठवले की रात्री झोप लागत नाही, आणि म्हणून घरातली कोणतीही तक्रार त्यांना ऐकवत नाही. लग्नाला दहा वर्षे झालेल्या त्यांच्या पत्नीने हे पहिल्यांदाच ऐकले.

तेथून पुढे आम्ही एकच काम करत राहिलो. प्रत्येक तक्रार ज्याची आहे त्याच्याकडे पोहोचवायची. त्यासाठी एक वही केली. उतार, टाइल्स, लिफ्ट, वीजजोडणी हे बिल्डरचे. पडदे, खोकी, मुलीची अभ्यासाची जागा हे घरातल्यांचे. आणि ‘तू माझं ऐकलं नाहीस’ हे फक्त दोघांचे, ज्याची चर्चा माझ्यासमोर करायची, बाथरूमच्या दाराशी नव्हे. बिल्डरच्या वाट्याच्या गोष्टींसाठी शनिवारी सकाळी ११ ते १२ ही वेळ ठरवली. एरवी काही आठवले तर वहीत टिपायचे आणि वही बंद करायची. चिंतेसाठी ठरावीक वेळ राखून ठेवण्याचे हे तंत्र मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडले होते. त्यांच्या पद्धतीत ती वेळ रोजची, अर्ध्या तासाची आहे. येथे प्रश्न बाहेरच्या संस्थेशी पत्रव्यवहाराचा असल्यामुळे मी ती आठवड्यावर नेली. पतींना हे लगेच जमले. बाईंना पहिले तीन आठवडे अजिबात जमले नाही, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितल्यावर आम्ही त्यांच्यासाठी रोजची २० मिनिटे ठेवली.

मी वकील नाही आणि समुपदेशकाने वकिली करू नये, असे माझे ठाम मत आहे. तरीही आपला हक्क काय आहे हे न कळणे हाही ताणाचा मोठा भाग असतो, म्हणून अशा कुटुंबांना मी एकदा तरी कायद्याच्या जाणकाराकडे पाठवते. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर नियमन आणणाऱ्या कायद्यात, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने ताबा घ्यावा असे म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या मनात क्रम आधी प्रमाणपत्र आणि मग ताबा असाच आहे. प्रकल्पातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकाला विलंबाच्या प्रत्येक महिन्यासाठी व्याज मागता येते आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या मूळ व्याजदरापेक्षा) २ टक्के अधिक असतो. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. वकिलांनी त्यांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती मीही येथे लिहून ठेवते. ओसी नसलेल्या इमारतीत राहायला जाणे हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आणि कायद्याचाही आहे, आणि शक्य असेल तर भाड्याचे आणखी काही महिने सोसणे श्रेयस्कर. या कुटुंबाची ती वेळ निघून गेली होती. मात्र फोनवरची विनवणी थांबून छायाचित्रांसह लेखी ईमेल सुरू झाला, त्याच मजल्यावरच्या आणि खालच्या १४ सदनिकाधारकांनी एकत्र सही केली आणि पतींचा आवाज, माझ्यासमोर तरी, बदलला. साचलेले पाणी आता वहीतला सहाव्या क्रमांकाचा मुद्दा होते.

सासूबाईंबद्दल मात्र आम्ही कोणीच पुरेसा विचार केला नव्हता. त्या ७१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखणारे, आणि लिफ्टचा भरवसा नसल्यामुळे सलग सात आठवडे इमारतीच्या खाली उतरलेल्या नव्हत्या. चौथ्या भेटीला मी त्यांनाही बोलावले. जमिनीबद्दल त्या काय बोलतील याची मुलाला धास्ती होती. त्या जमिनीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘देव फ्रीजवर ठेवलेत. वास्तुशांत झाल्यापासून. नवीन मंदिर येणार म्हणतात, तोवर जुना देव्हारा खोक्यात. मी रोज फ्रीजपुढे उभी राहून हात जोडते, आणि कोणी पाणी घ्यायला आलं की बाजूला होते.’’ सूनबाई रडू लागल्या. संगमरवरी मंदिराची ऑर्डर त्यांनी सासूबाईंना आनंद व्हावा म्हणूनच दिली होती.

त्याच रात्री जुना देव्हारा खोक्यातून निघाला आणि हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात पाटावर बसवला गेला. पुढच्या भेटीत आम्ही ठरवले की सगळे घर एकदम लागणार नाही, तर एक खोली पूर्ण लावायची. त्यांनी सासूबाईंची आणि नातीची खोली निवडली. त्या खोलीत पडदे लागले, एक भिंत रंगवली, खोकी रिकामी झाली, आणि त्या खोलीत बिल्डरचा विषय काढायचा नाही असा नियम आजींनीच केला. दुपारी तीन ते चार लिफ्ट रहिवाशांसाठी मोकळी ठेवावी ही मागणी त्या १४ सह्यांच्या पत्रात होती. ती मान्य झाल्यावर आजी खाली उतरू लागल्या.

अशा परिस्थितीत चिडचिड, विसरभोळेपणा, वरचेवर रडू येणे हे होऊ शकते आणि बऱ्याचदा आधाराने कमी होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक जवळजवळ नाहीशी झाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर समुपदेशनावर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. या बाईंच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. पतींना मात्र झोपेसाठी मी डॉक्टरांकडे पाठवले आणि त्यांनी ते ऐकले.

आमच्या एकूण नऊ भेटी झाल्या. शेवटच्या भेटीपर्यंत ओसी आलेली नव्हती, दुसरी लिफ्ट सुरू झाली होती, बाथरूमची फरशी दोनदा उखडून उतार नीट झाला होता आणि व्याजाची तक्रार महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, दाखल करायची की नाही यावर कुटुंबात अजून एकमत नव्हते. ऑफिसमधून निघताना धडधडते का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, ‘‘कधी कधी. सोमवारी.’’ ‘काम झाल्यावर’ लिहिलेल्या खोक्यांपैकी चार अजून बंद आहेत. त्यांत पाहुण्यांसाठीचा चहाचा सेट आहे, आणि तो कधी काढायचा हे त्यांनी अद्याप ठरवलेले नाही.