वाचकांचे प्रश्न : जिराफ, झेब्रा आणि शहामृग एकाच आवारात

सहलींचे बेत सुरू झाले की प्राणिसंग्रहालयांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती होती : आफ्रिकेतले वेगवेगळे प्राणी एकाच मोठ्या आवारात सोडण्याची पद्धत. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : शाळेची सहल म्हैसूरला नेतो. तिथं जिराफ वेगळे, झेब्रे वेगळे. मुलांनी मोबाइलवर परदेशातली आवारं पाहिलेली असतात, त्यात सगळे एकत्र चरतात. "सर, आपल्याकडं असं का सोडत नाहीत?" म्हणून विचारतात. काय सांगू?
– शिक्षक, खानापूर

उत्तर : जागा कमी, हे उत्तर सगळे देतात. ते खरं आहे, पण अर्धंच. जागा असली तरी सांभाळायच्या तीन गोष्टी उरतात : धाकट्याला पळायला वाट, प्रत्येकाला आपलं खाणं आणि रात्रीचा वेगळा निवारा. यातली एक जरी चुकली तरी एकत्र आवार महिनाभरही टिकत नाही.

पळायच्या वाटेपासून सुरू करू. मुलांना झेब्रा गरीब वाटतो, पण या आवारांत सगळ्यात जास्त डोकेदुखी त्याचीच असते. नर झेब्रा हरणांच्या मागे लागतो, चावतो, नवजात पिल्लांना पायाखाली घेतो. मोकळ्या माळावर हरीण दोनशे मीटर पळालं की झेब्रा नाद सोडतो. आवारात दोनशे मीटर मिळत नाहीत, मध्येच कुंपण लागतं. म्हणून चांगल्या आवाराला काटकोनी कोपरे ठेवत नाहीत, गोलाई देतात. निवाऱ्याला एकच दार असेल तर आत गेलेला प्राणी कोंडला जातो, म्हणून दोन दारं हवीत. शिवाय दगडांची किंवा खांबांची अशी एक रांग असते की तिच्या फटीतून इम्पालासारखं हरीण सहज निसटतं आणि झेब्रा बाहेर राहतो. गेंड्यासाठी याच फटी जरा रुंद ठेवल्या तरी चालतं; माणूस आणि हरीण जातं, गेंडा जात नाही.

पिल्लांचा प्रश्न आणखी नाजूक. वाइल्डबीस्ट म्हणजे आफ्रिकेतल्या माळावरचं कळपानं राहणारं, बैलासारखं दिसणारं जनावर; त्याचं पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहून आईमागे चालू लागतं. कुडू, ईलँड, गॅझेल या हरणांसारख्या प्राण्यांची पिल्लं मात्र पहिले काही दिवस उंच गवतात दडून पडून राहतात. आवारातलं गवत तुडवलेलं, दडायला जागा नाही, आणि झेब्र्याला जमिनीवर पडलेली हलती वस्तू दिसते. त्यामुळे गाभण माद्या विण्याआधीच बाहेर काढाव्या लागतात. पुढं पिल्लू चांगलं धावू लागलं की मायलेकरं परत आत.

खाण्याचं गणित उंचीवर बसतं. जिराफाची वैरण चार मीटरच्या आसपास टांगलेल्या जाळीत देतात, तिथं दुसऱ्या कुणाचं तोंड पोचत नाही. पाण्याचं कुंडही उंचावर, कारण खाली वाकायचं तर त्याला पुढचे पाय फाकवावे लागतात आणि तेवढ्या वेळात तो अगदी असहाय असतो. हरणांचं खाद्य वर सांगितलेल्या फटींच्या पलीकडे ठेवतात. झेब्रा आणि पांढरा गेंडा दोघंही जमिनीवरचं गवत खाणारे, म्हणून त्यांना एका ठिकाणी ढीग न टाकता अंतर राखून चार-पाच ठिकाणी पेंढ्या टाकायच्या. प्राण्यांपेक्षा पेंढ्या एक-दोन जास्तच असाव्यात. नाहीतर दांडगा एका ढिगावरून दुसऱ्यावर सगळ्यांना हाकलत फिरतो.

आणि हे सगळं बांधून झालं तरी प्राणी एकदम सोडून चालत नाही. बाहेरून आलेल्या प्राण्याला आधी निदान 30 दिवस विलगीकरणात ठेवतात. मग जाळीआड शेजार, वास आणि नजर ओळखीची होईपर्यंत. त्यानंतर प्रत्येक जातीला आवार एकटीला फिरू देतात, म्हणजे कुंपण कुठं आहे ते कळतं. नव्या कुंपणावर या दिवसांत गोणपाट किंवा फांद्या बांधतात; घाबरलेल्या हरणाला बारीक तार दिसत नाही आणि ते सरळ तिच्यावर जाऊन मान मोडून घेतं. मग आधी हरणं, नंतर जिराफ, त्यानंतर झेब्र्याच्या माद्या, आणि नर झेब्रा अगदी शेवटी. सकाळी दोन-तीन तास एकत्र, निवाऱ्यांची दारं उघडी, माणसं हजर, संध्याकाळी पुन्हा वेगळे. घाई केली की पहिल्याच दिवशी हाड मोडतं.

मुलांना आणखी एक सांगा. अनेक जातींचं आवार आपल्याकडंही आहे, फक्त प्राणी इथले आहेत. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टात तृणभक्षींच्या सफारीत गवे, सांबर, चितळ, नीलगाय एकाच परिसरात दिसतात. म्हैसूरच्या सहलीत एक दिवस वाढवता आला तर जरूर दाखवा.

प्रश्न : आमच्या गोठ्यात म्हशी आहेत आणि गाडी शर्यतीचं एक घोडंही. झू मध्ये झेब्र्याला जनावरांचं खाद्य देत नाहीत असं वाचलं. पेंडीत एवढं काय असतंय?
– गोकाक

उत्तर : पत्र वाचून आधी तुमच्या घोड्याची काळजी वाटली, म्हणून उत्तर सविस्तर.

गाईम्हशींच्या काही तयार खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. रवंथ करणाऱ्या जनावराला ते ठरलेल्या मात्रेत मानवतं, कोंबडीला तर आणखी जास्त मानवतं. घोडा, गाढव, झेब्रा या कुळाला मात्र ते विष आहे. घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम गेलं तरी जीव जाऊ शकतो. गाईच्या बाबतीत हाच आकडा साधारण दहापट आहे. हिशेब करून पाहा. ब्रॉयलरच्या खाद्यात टनाला 100 ते 120 ग्रॅम मोनेन्सिन असतं. 350 किलोच्या घोड्यानं रात्री सुटून असं सहा-सात किलो खाद्य खाल्लं की तो धोक्याच्या हद्दीत गेला. मिसळण नीट झालेली नसेल आणि एखाद्या पोत्यात औषध गोळा झालं असेल तर त्याहून कमी खाद्यही पुरे.

घाव हृदयाच्या स्नायूवर बसतो. खाणं सोडणं, घाम, पोटदुखीसारखी तगमग, मागचे पाय लटपटणं, गडद लघवी ही लक्षणं. उतारा नाही. वाचलेला घोडाही पुढं शर्यतीत अचानक कोसळू शकतो, म्हणून असं काही घडलं असेल तर डॉक्टरांनी हृदय तपासल्याशिवाय त्याला जुंपू नका. खाद्याची पोती वेगळ्या खोलीत, दाराला कडी, आणि मोजायचं मापही वेगळं ठेवा.

एकत्र आवारात हीच अडचण असते : जिराफ आणि हरणं रवंथ करणारी, झेब्रा नाही, आणि कोण कुणाच्या कुंडात तोंड घालील याचा नेम नाही. म्हणून अशा आवारात येणारं प्रत्येक खाद्य झेब्र्याला चालणारंच घेतात. शहामृगालाही मोनेन्सिन बाधतं, म्हणजे दोघांचं एकाच नियमात भागतं.

प्रश्न : वाइल्डबीस्टपासून गाईंना रोग होतो म्हणतात. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात काळविटं गेली, तेही तसलंच काय?
– दूध उत्पादक, चिक्कोडी

उत्तर : नाही, दोन्ही वेगळे. भुतरामहट्टीला काळविटांचा बळी घेतला तो घटसर्पाने, म्हणजे जिवाणूच्या आजाराने. तुम्ही पावसाळ्याआधी ज्याची लस टोचून घेता तोच. टोचली नसेल तर या वर्षी चुकवू नका.

वाइल्डबीस्टचा रोग विषाणूचा. त्याला मॅलिग्नंट कटारल फीवर म्हणतात. वाइल्डबीस्टला स्वतःला काहीच होत नाही, पण त्याच्या लहान पिल्लांच्या नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून विषाणू बाहेर पडतो. गाईबैलांना त्यानं गाठलं की सडकून ताप, नाकाला खपल्या, डोळ्याचं बुबुळ कडेकडून पांढरं होत आत जाणं, आणि बहुतेक वेळा मृत्यू. गवा आणि काही जातींची हरणंही त्याला बळी पडतात. म्हणून वाइल्डबीस्ट असलेल्या आवाराशेजारी गवा ठेवायचा नाही, दोघांची अवजारं आणि सांभाळणारे लोकही वेगळे, असा शिरस्ता आहे.

तुम्हाला वाइल्डबीस्टची भीती नको, तो तुमच्या शिवारात येत नाही. पण याच रोगाचा दुसरा प्रकार मेंढ्यांकडून येतो आणि भारतात त्याची नोंद आहे. मेंढरं शेतात बसवता तेव्हा ती गोठ्याच्या दावणीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब बसवा, विशेषतः कळपात सहा ते नऊ महिन्यांची कोकरं असतील तेव्हा. विषाणू तीच जास्त सोडतात. एका आजारी गाईकडून दुसऱ्या गाईला मात्र तो लागत नाही.

प्रश्न : सिंह आणि झेब्रा एकाच फोटोत, मध्ये जाळी नाही. हे खरं की एडिटिंग?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : फोटो खरा असू शकतो. मध्ये खंदक असतो, तुम्हाला तो दिसत नाही एवढंच. ही युक्ती कार्ल हागेनबेक यांची. 1896 मध्ये त्यांनी लोखंडी गज नसलेल्या देखाव्याचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये हँबर्गजवळ स्टेलिंगनला बाग उघडली. समोर पाणपक्ष्यांचं तळं, मागे झेब्रा-हरणांचं मैदान, त्यामागे सिंह, आणि सर्वांत मागे खडकांवर डोंगरी शेळ्या-मेंढ्या. प्रत्येक पायरी मागे उंच होत जाते आणि खंदकाची कड झाडोऱ्याने झाकलेली असते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने 1941 मध्ये आफ्रिकेचं मैदान उघडलं ते याच तत्त्वावर.

ओळखायचं कसं? आहात तिथून दहा पावलं डावीकडे, मग दहा उजवीकडे सरका. सिंह आणि झेब्रा यांच्यामधली हिरवळ एका आडव्या रेषेत तुटलेली दिसली की तिथं खंदक आहे. अशा आवाराला एकत्र आवार म्हणू नये; ते शेजारशेजारच्या आवारांचं उत्तम नेपथ्य आहे. जाहिरातीत मात्र दोन्हींना एकच नाव देतात.

प्रश्न : मुलगा शारजात असतो. जानेवारीत जाणार आहोत. दुबई, शारजा, अल ऐन, कुठली सफारी बघावी? सगळीकडं तेच प्राणी की काय?
– निपाणी

उत्तर : जानेवारी उत्तम. दुबई आणि शारजाच्या सफारी उन्हाळ्यात बंद असतात. प्राणी बरेचसे तेच, पाहण्याची तऱ्हा वेगळी. शारजा सफारी फेब्रुवारी 2022 मध्ये उघडली, सुमारे 8 चौरस किलोमीटरची, आणि पूर्ण आफ्रिकेवरच बेतलेली. तिकिटांचे प्रकार आहेत. स्वस्त तिकिटात गाडीतून फिरायचे भाग येतातच असं नाही, आधी विचारून घ्या. अल ऐनची बाग 1968 ची, जेबेल हफीतच्या पायथ्याशी. तिथं चालत पाहायचा भागही मोठा आहे आणि सफारीही. दुबईत आफ्रिकेबरोबर आशियाही आहे.

मुक्काम शारजातच असेल तर शारजा सफारी चुकवू नका. एकाच दिवसाची सवड असेल आणि आवार नीट अभ्यासायचं असेल तर आमचं मत अल ऐनला. गाडी थांबते दोन मिनिटं, तेवढ्यात कळप दिसतो पण कोण कुणाला हुसकावतं ते दिसत नाही. त्यासाठी कठड्याला टेकून उभं राहावं लागतं.

प्रश्न : दोन-तीन ठिकाणची आवारं बघून तुलना लिहायची आहे. वहीत काय टिपू?
– कॉलेज विद्यार्थिनी, अथणी

उत्तर : जातींची संख्या शेवटी लिही. आठ जातींचं आवार चार जातींच्या आवारापेक्षा चांगलं असतं असं अजिबात नाही. बऱ्याचदा उलट असतं. दार उघडताच जा, एका जागी अर्धा तास उभी राहा आणि दर पाच मिनिटांनी आवाराचा कच्चा नकाशा काढून कोण कुठं आहे ते खुणेने मांड. सहा नकाशे एकावर एक ठेवलेस की एखादी जात सतत एकाच कोपऱ्यात सापडेल. ती दबलेली आहे. मग पाहा : कुंपणालगत गवत जाऊन पायवाट पडली आहे का (प्राणी येरझाऱ्या घालतात), जिराफ खांब किंवा भिंत चाटत बसतो का (पाला कमी पडतो), खुर वाढून पुढं वळलेत का (जमीन फार मऊ आहे), शहामृगाच्या नराची चोच आणि नडग्या लालसर दिसतात का. लाल असतील तर माजाचे दिवस आहेत. अशा वेळी तो गेंड्यालाही लाथ दाखवायला कमी करत नाही.

दुपारी बाराला पुन्हा एक फेरी मार. सावलीचे तुकडे मोज आणि त्यात कोण आहे ते लिही. सावली एकच असेल तर ती दांडग्याकडे असते.

वाचून तुलना करायची तर तीन नावं घे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोची सफारी पार्क, 1972 ची, जिथं गेंडे, जिराफ आणि हरणांचे कळप एकरच्या एकर मैदानात एकत्र आहेत. झुरिकचं लेवा सव्हाना, 2020 चं, जागा फार कमी पण कृत्रिम गोरखचिंचेच्या झाडांतून खाद्य ठिकठिकाणी देण्याची सोय केलेली. आणि डॅलस, जिथं 2010 पासून आफ्रिकन हत्ती, जिराफ आणि झेब्रे एका आवारात सोडले जातात. हत्ती घातला की बाकी सगळे नियम अवघड होतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम.

प्रश्न : रविवारी सुट्टी नसते. मधल्या वारी गेलं तर चालतं?
– हल्याळ

उत्तर : चालतं, गर्दीही कमी असते. पण म्हैसूर आणि बन्नेरघट्टा मंगळवारी बंद, पुण्याचं कात्रज आणि मुंबईची राणीची बाग बुधवारी, हैदराबाद सोमवारी. सोमवारी रात्री हल्याळहून निघालात तर मंगळवारी सकाळी म्हैसूरच्या बंद दारापुढं उतराल. मंगळवारी रात्री निघा.