रहाटगाडग्यात गाडा नाही

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या पुस्तकात साधी यंत्रे म्हणून कप्पी, तरफ, चाक-आस येतात; आपला रहाट, म्हणजे विहिरीतलं पाणी वर काढणारं, बैलाने फिरवायचं गाडग्यांच्या माळेचं चाक, यांपैकी कशात बसतो? आणि 'संसाराचा रहाटगाडा' यातला गाडा कोणता?

दुसरं आधी. गाडा कोणताच नाही! शब्द रहाटगाडगे आहे आणि गाडगे म्हणजे मातीचं मडकं. मालिकांपासून निरोपसमारंभांपर्यंत जो तो हा 'रहाटगाडा' ओढतोय नाहीतर हाकतोय. रहाट जागचा हलत नाही हो. गाडगी रिकामी उतरतात, भरून वर येतात, ओततात, पुन्हा उतरतात. संसाराला उपमा त्या फेऱ्याची आहे.

आता खरी गंमत. संस्कृत अरघट्ट, प्राकृत अरहट्ट, मग आरंभीचा 'अ' गळाला आणि रहाट उरला. 'अर' म्हणजे चाकाचा आरा, इथवर सगळे एकमताने. पुढच्या 'घट्ट'मध्ये मात्र पुष्कळ पंडितांना घट दिसतो. मला दिसत नाही. पंचतंत्रातला बेडकांचा राजा गंगदत्त भाऊबंदांना वैतागून विहिरीबाहेर पडतो, तो 'अरघट्टघटी'वर चढून. अरघट्टात मडकं आधीच होतं, तर पुढे 'घटी' कशाला जोडली? (आणि अरघट्टघटी म्हणजे शब्दशः रहाटगाडगे, हे ध्यानात आलं ना?) माझ्या मते इथे घट्ट् धातू आहे: घासणे, आपटणे, ढवळणे. आपलं घाटणं त्यातलंच. दात्यावर दाता घासत फिरणारं चाक ते अरघट्ट. दातेरी चाकं आपल्याकडे नंतर आली, असं इतिहासकार म्हणतील. बरं, मग आरे पाण्यावर आपटत होते म्हणा. धातू बदलत नाही.

राहिलं यंत्र. रहाट चाक-आसात बसतो. चढत्या-उतरत्या गाडग्यांची वजनं एकमेकांना तोलतात, म्हणून घर्षण सोडलं तर बैलाला उचलायचं ते फक्त पाणी. घरच्या विहिरीवरच्या एकट्या कप्पीलाही रहाट म्हणतात. तिने जोर तसूभरही कमी लागत नाही, फक्त दोर खाली ओढता येतो आणि अंगाचा भार कामी येतो. मोट, म्हणजे पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, आणखी निराळी; तिथे ती वर ओढताना बैल धावेच्या, म्हणजे विहिरीलगतच्या वाटेच्या, उतारावरून खाली जातात. मोटेलाच रहाट म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी भांडण पुढच्या वेळी.